'इंट' म्हणजे किती?

उसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला टन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या श्रीपूरला बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना. कंपनी १९३४ सालची, आणि गाव कारखान्याच्या आधाराने वाढलेलं. त्यामुळे इथलं सगळं बोलणंच टनात. एकरी किती टन निघाला, टनाला काय भाव मिळाला, ट्रॉलीत किती टन बसला. पण हा टन किती किलोंचा, असं विचारलं तर खरं उत्तर 'कुठला टन?' असं आहे. इंग्रजांचा टन २२४० पौंडांचा, म्हणजे १०१६ किलोंचा. अमेरिकेतला २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. आपला आजचा बरोबर १००० किलोंचा. शब्द एकच, उच्चार एकच, पण एका टनात आणि दुसऱ्या टनात शंभर किलोंहून जास्त फरक पडू शकतो!

जुन्या मापांचं तर विचारूच नका. पायली, अधोली, मापटं, चिपटं ही नावं सगळीकडे तीच, पण एका तालुक्यातली पायली दुसऱ्या तालुक्यातल्या पायलीएवढी भरेलच याची खात्री नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली तेव्हा आधी काठी ठरवून घेतली, पाच हात आणि पाच मुठींची. काठी ठरली की बिघा ठरतो, बिघा ठरला की सारा ठरतो. स्वतंत्र भारतात १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो, मीटर, लिटर टप्प्याटप्प्याने आले. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले होते. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण आण्याला सहा नवे पैसे की सव्वासहा, यावरून दुकानात चाललेली हुज्जत आठवते. चार आण्यांचे पंचवीस हे ठीक, पण एका आण्याचे? तो पाव पैसा कुणाच्या खिशात जायचा हे सांगायला नको.

ही सगळी प्रस्तावना कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. तर मंडळी, आज संगणकाच्या एका भाषेबद्दल लिहायचं आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही आणि या वयात शिकण्याचा विचारही नाही. पण एका जुन्या विद्यार्थ्यामुळे 'सी' नावाच्या भाषेचा इतिहास मला बराच वाचावा लागला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हा तर आपल्या पायलीचाच इतिहास आहे.

सी भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. ज्या यंत्रावर ती वाढली ते पीडीपी-११, सोळा बिटांचं. बिट म्हणजे शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट. या भाषेत पूर्णांक ठेवायच्या डब्याला 'इंट' म्हणतात, आणि त्या यंत्रावर हा डबा दोन बाइटांचा, म्हणजे सोळा बिटांचा होता. सोळा बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. त्यातल्या निम्म्या उणे धरल्या तर उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. ३२,७६७ मध्ये एक मिळवला की डबा उलटतो आणि आकडा थेट उणे ३२,७६८ होतो. जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये ९९,९९९ नंतर शून्यं यायची, त्यातलाच प्रकार.

आता संगणकाला सी कळत नाही, त्याला फक्त त्याच्या यंत्राची भाषा कळते. मध्ये दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. प्रत्येक जातीच्या यंत्राला आपापला दुभाषा. आणि 'इंट' म्हणजे किती, हे भाषा ठरवत नाही, दुभाषा ठरवतो! भाषा एवढंच म्हणते की किमान सोळा बिट हवेत, पुढे तुमच्या यंत्राला सोयीचं असेल ते घ्या.

हा घोळ पहिल्यांदा ठळकपणे दिसला १९७७ साली. रिची आणि त्यांचे सहकारी स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स ही प्रणाली पीडीपी-११ वरून उचलून इंटरडाटा ८/३२ या बत्तीस बिटांच्या यंत्रावर न्यायचं ठरवलं. (त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनीही असाच उद्योग इंटरडाटाच्याच दुसऱ्या यंत्रावर केला. मोठी कामं अशी दोन ठिकाणी एकदम होतात हे इतिहासात नेहमी दिसतं.) तोवर युनिक्स सीमध्ये लिहिलं आहे म्हणजे ते कुठेही चालेल, असा समज होता. प्रत्यक्षात जागोजागी लिहिणाऱ्यांनी नकळत 'आपलं यंत्र असं आहे' हे धरूनच लिहिलेलं निघालं. एक जागा आणि एक संख्या या दोन वेगळ्या गोष्टी पीडीपीवर एकाच मापाच्या होत्या, म्हणून लोक एकीच्या डब्यात दुसरी बिनधास्त ठेवत. असल्या खोडी आधीच हुडकून काढायला जॉन्सन यांनी 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कपड्यावरचा कापूस-धागा वेचून काढावा तसा तो संशयास्पद जागा वेचतो, म्हणून हे नाव.

आणखी एक खोड अशी की, दोन बाइटांची संख्या लिहिताना आधी मोठा भाग लिहायचा की लहान, हेही प्रत्येक यंत्राचं वेगळं. संगणकवाल्यांमध्ये एक किस्सा सांगतात की एका यंत्रावर 'युनिक्स' अशी अक्षरं छापायला गेले तर 'एनयूएक्सआय' असं उमटलं. जोडीजोडीने अक्षरं उलटली होती. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण 'पंचवीस' म्हणतो, आधी पाच आणि मग वीस. इंग्रज आधी ट्वेंटी म्हणतो आणि मग फाइव्ह. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या आणि लोक संस्कृती बुडाल्यासारखे ओरडत होते. संगणकवाल्यांतही असंच भांडण जुंपलं होतं. १९८० साली डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर एक खुसखुशीत लेख लिहिला आणि दोन्ही पक्षांना 'गलिव्हरच्या सफरी'तली नावं दिली. अंडं जाड टोकाकडून फोडणारे आणि निमुळत्या टोकाकडून फोडणारे. ती नावं आजही चालतात.

असो. हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. आपल्याकडे काय झालं?

१९८७ साली दोन कंपायलर जन्माला आले. एक बोरलँड कंपनीचा टर्बो सी. दुसरा रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी, जो कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा असा. खरं तर गरीब देशाच्या पथ्यावर पडायचा तो दुसरा. पण त्याला युनिक्सचं यंत्र लागे, आणि ते आपल्या साध्या कॉलेजात कुठून असणार? आपल्याकडे होते डॉसवर चालणारे पीसी, तेही दहा मुलांत एक. टर्बो सी त्या बापड्या यंत्रावर झटपट चालायचा. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, तिथेच लिहा, तिथेच चालवा, चूक झाली तर तिथेच बोट दाखवणार. मूळ विकत घेतलेली प्रत किती ठिकाणी असेल देव जाणे. एका फ्लॉपीवरून दुसरीवर असा तो गावोगाव पोचला.

त्याच सुमाराला आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी 'लेट अस सी' लिहिलं. व्हीजेटीआय आणि कानपूर आयआयटीत शिकलेला हा मराठी माणूस. दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने काढलेलं त्यांचं पुस्तक देशभरातल्या मुलांच्या हातात गेलं. संगणक या विषयावर मराठी माणसाने लिहिलेलं इतकं वाचलं गेलेलं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. इंग्रजी सोपं, उदाहरणं घरगुती. खेड्यातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला वाटायचं की हे आपल्यालाही जमेल. जुन्या आवृत्त्या टर्बो सीच्या आधाराने चालत. पुढे त्यात विंडोज आणि लिनक्सवरची प्रकरणं आली. आणि एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो: पूर्णांकाची मर्यादा कंपायलरवर अवलंबून असते, हे त्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण पुस्तकात लिहिलेलं आणि वर्गात पोचलेलं यात अंतर असतं, हे आम्हा मास्तरांना कुणी सांगायला नको. वर्गात पोचलं ते असं: इंट म्हणजे दोन बाइट. मेनच्या आधी व्हॉइड लिहायचं. सुरुवातीला पडदा पुसायची आज्ञा, शेवटी गेटच. परीक्षेत झोपडी काढा, पतंग काढा, मोटार चालवून दाखवा, त्यासाठी ग्राफिक्सची फाइल जोडा. यातलं काहीही सी भाषेत नाही! प्रमाण सीत मेनच्या आधी इंट असतं. पडदा पुसणं, गेटच, ग्राफिक्स हे सगळं बोरलँडच्या घरचं. सीचं प्रमाण रूप अमेरिकेच्या मानक संस्थेने १९८९ साली ठरवलं आणि पुढच्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय झालं. आपल्याकडे त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मुलं बोरलँडची बोली हीच प्रमाण भाषा म्हणून घोकत राहिली.

बोलीला मी नावं ठेवत नाही हो. सोलापुरात 'काय करलालास?' म्हणतात, ते माझ्या कानाला गोडच लागतं. पण ते पुण्याच्या पेपरात लिहिलं तर काय होतं हे वर्गात सांगणं हे माझं काम होतं. ही आपली बोली, ही प्रमाण भाषा, दोन्ही नीट बोल, पण दोन्हींतला फरक ओळख. ते सांगणारं कुणी नव्हतं, एवढीच तक्रार.

सर्वांत वाईट वाटतं ते एका प्रश्नाचं. हा प्रश्न गाइडांत असायचा, नोकरीच्या लेखी परीक्षांच्या प्रश्नसंचांत असायचा. 'आय'मध्ये पाच आहेत. एकाच छापायच्या आज्ञेत आय, मग आय प्लस प्लस, मग प्लस प्लस आय असं दिलं तर काय छापलं जाईल? टर्बो सी उजवीकडून डावीकडे जातो. आधी शेवटचा सहा होतो, मधला सहा वाचून मग वाढवतो, पहिला सात दिसतो. म्हणून उत्तर ७ ६ ६. ज्याने हे पाठ केलं त्याला पूर्ण गुण. पण भाषेचा नियम असा आहे की कुठलं आधी करायचं हे ठरवलेलंच नाही. कंपायलरने काहीही छापलं तरी भाषा त्याला चूक म्हणणार नाही. आणि हे काही मागाहून कळलेलं गुपित नव्हे. रिची आणि ब्रायन कर्निघन यांच्या १९७८ च्या मूळ पुस्तकातच 'असं लिहू नका' म्हणून इशारा आहे. 'याचं उत्तर सांगता येत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे' असं लिहिणाऱ्या हुशार पोराला आपण शून्य देत होतो! पस्तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला हे वाचून झोप लागू नये अशी ही गोष्ट आहे.

टर्बो सीचं पुढे काय झालं? चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. एवढ्याने तो संपायला हवा होता. पण आपल्याकडची हिकमत अशी की जुने खेळ खेळण्यासाठी बनवलेल्या डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या पोटात टर्बो सी बसवून तो पुढेही शिकवला गेला. नव्या ट्रॅक्टरवर बैल उभा करून नांगरट करावी तसं.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट. १९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मी मुलांकडून एक पाहणी करून घेतली होती. कारखान्याच्या निमित्ताने श्रीपूर-महाळुंग भागात जी कुटुंबं येऊन वसली, ती मूळ कुठल्या गावची, कोणत्या साली आली, येताना घरात किती माणसं होती, इथे आल्यावर काय काम धरलं. त्या वेळी पहिल्या पिढीतली बरीच म्हातारी माणसं हयात होती. मुलं घरोघर जाऊन छापील फॉर्म भरून आणत. माझा एक माजी विद्यार्थी तेव्हा डिप्लोमाला होता. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "सर, मी प्रोग्रॅम लिहितो, सगळं कॉम्प्युटरवर घेऊ." लिहिलाही. टर्बो सीमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत बसून त्याने आणि दोन पोरांनी माहिती भरली. मूळ फॉर्म एका शाळेच्या कपाटात ठेवले होते. त्या खोलीचं छप्पर गळायला लागलं, आणि दोन पावसाळ्यांत त्या गठ्ठ्याचा लगदा झाला. उरली ती फाइल, फ्लॉपीवरून सीडीवर उतरवून घेतलेली.

२०२० च्या टाळेबंदीत हा मुलगा (आता चाळिशीचा, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत) घरून काम करायला गावी आला होता. अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. मी विचारलं, "अरे, ती फाइल उघडते का बघ." प्रोग्रॅमही त्याच सीडीवर होता. लॅपटॉपवर लिनक्स आणि जीसीसी. त्याने कंपायलरला दिला तर एकामागून एक तक्रारी. पडदा पुसायची आज्ञा ओळखत नाही, कोनिओ नावाची फाइल सापडत नाही, मेन असा का लिहिला. ते सगळं दहा मिनिटांत काढून टाकलं. मग प्रोग्रॅम बिनतक्रार तयार झाला, चालला, आणि पडद्यावर जे आलं ते बघून आम्ही दोघं गप्प झालो. पहिल्याच कुटुंबाचा क्रमांक कोट्यवधींत. आडनावाची पहिली दोन अक्षरं गायब. गाव 'बारामती' असायला हवं तिथे 'रामती'. आल्याचं साल अब्जावधींत. दुसऱ्या ओळीपासून तर नुसता पालापाचोळा.

इथे मला एक गोष्ट समजली ती सांगतो. कंपायलर ज्या चुका ओरडून सांगतो त्या सोप्या. ज्या तो मुकाट्याने गिळतो त्या घातक. ४ जून १९९६ ला युरोपचं आरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्याची भाषा सी नव्हती, ॲडा होती, पण दुखणं तेच. आरियान-४ साठी लिहिलेला भाग जसाच्या तसा नव्या बाणात घातला, आणि एक मोठी संख्या सोळा बिटांच्या डब्यात मावली नाही. आमचं नुकसान त्यामानाने क्षुल्लक, पण ती माणसं आता पुन्हा विचारायला मिळणार नव्हती.

त्याने फाइलचा आकार पाहिला. २३,९७३ बाइट. म्हणाला, "सर, प्रत्येक कुटुंबाला सारखी जागा आहे, म्हणजे या आकड्याला पूर्ण भाग जायला हवा. जीसीसी एका कुटुंबाला ६८ बाइट धरतोय." ६८ ने भाग जात नाही हे मी कागदावर करून दाखवलं. मग अवयव पाडले. अंकांची बेरीज चोवीस, म्हणजे तीनने भाग जातो. उरले ७,९९१. बरीच खटपट केल्यावर निघाले ६१ आणि १३१. म्हणजे ६१ बाइटांचं एक कुटुंब, अशी ३९३ कुटुंबं. प्रोग्रॅममध्ये नावाला ३० अक्षरं आणि गावाला २५ ठेवली होती, हे ५५ झाले. क्रमांक, साल आणि माणसं हे तीन इंट. ६१ मधून ५५ गेले, राहिले सहा. तीन इंटना सहा बाइट, म्हणजे एकेक दोनाचा! जीसीसी मात्र प्रत्येकी चार धरत होता, ते बारा. बारा आणि पंचावन्न सदुसष्ट. अडुसष्टावा कुठला? तर चार बाइटांचा डबा चाराच्या पाढ्यातल्या जागीच ठेवला की यंत्राला सोपं पडतं, म्हणून कंपायलरने मध्ये एक बाइट रिकामा सोडला होता. छापखान्यात ओळ जुळवायला दोन खिळ्यांच्या मध्ये कोरा तुकडा घालायचे, तसा. टर्बो सी असले तुकडे घालत नसे. म्हणून दर कुटुंबामागे वाचन सात बाइट घसरत होतं.

तेव्हा तो जे बोलला ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "सर, तेव्हा मला सी येत नव्हतं. टर्बो सी येत होतं."

पुढचं काम त्याने दोन संध्याकाळी बसून केलं. मला समजलं तेवढं सांगतो. इंट हा शब्दच त्या ओळीतून काढला. १९९९ च्या सुधारित प्रमाणात नेमक्या मापाची नावं आली आहेत, सोळा बिटांचा इंट, बत्तीस बिटांचा इंट, अशी. अण्णाजी दत्तोंच्या काठीसारखी. त्यातलं सोळावालं घेतलं. अख्खी ओळ एकदम वाचणंही सोडलं. एकेक बाइट उचलायचा, आणि आधीचा लहान, नंतरचा मोठा, असं आपण स्वतः जोडायचं. मी विचारलं, जोडणी यंत्रावर का सोडायची नाही? त्याने गणित मांडलं. १९३८ हे साल दोन बाइटांत १४६ आणि ७ असं बसतं, कारण सात गुणिले २५६ अधिक १४६. उलट्या क्रमाचं यंत्र असेल तर ते १४६ गुणिले २५६ अधिक ७ करेल, ३७,३८३. आणि तेही सोळा बिटांच्या डब्यात मावणार नाही, म्हणून उणे २८,१५३ दिसेल. आज दोन्ही लॅपटॉपांचा क्रम सारखाच आहे, पण उद्याचं कोणी सांगावं!

दुसरी एक पद्धतही त्याने दाखवली. एकाच प्रोग्रॅममध्ये 'हा कंपायलर असेल तर या ओळी घे, तो असेल तर त्या' अशा अटी लिहिता येतात. मला लगेच पंचांग आठवलं. दाते पंचांग आमच्या सोलापूरचं, पण वापरणारे मुंबई-नागपूरपर्यंत. दोन्हीकडच्या सूर्योदयात साधारण पंचवीस मिनिटांचा फरक, म्हणून ठिकठिकाणच्या वेळा वेगळ्या द्याव्या लागतात. तो हसला. म्हणाला, अशा अटी फार वाढल्या की प्रोग्रॅम वाचवत नाही. शक्यतो मूळ गणितच असं मांडायचं की तळटीप लागू नये. मला पटलं. शेवटी सगळी माहिती त्याने साध्या मजकुराच्या फाइलीत काढली, जी कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही कंपायलरविना उघडते.

३९३ कुटुंबं परत मिळाली. अगदी सगळी. पण दोन गोष्टी राहिल्या, ज्यांना कुठल्याच कंपायलरचा इलाज नाही. एक म्हणजे काम काय करत हा रकाना फॉर्मवर होता, फाइलीत घेतलाच नव्हता. पॅनमन कोण, फिटर कोण, चिटबॉय कोण, हे लगद्यात गेलं. दुसरी म्हणजे तेव्हा डॉसवर देवनागरी नव्हती, म्हणून पोरांनी सगळी नावं रोमनमध्ये टाइप केली. रोमनला ल आणि ळ एकच, न आणि ण एकच. अकरा कुटुंबांपुढे गाव लिहिलं आहे ते 'कलंब' वाचायचं की कळंब? आणि कळंब म्हटलं तरी धाराशिवकडचं, की नीरेपलीकडे इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरजवळचं? एक कळंब यवतमाळातही आहे.

सध्या मी त्या यादीचे कागद घेऊन सकाळी कॉलनीत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली माणसं आहेत. अकरांपैकी सात इंदापूरची निघाली, दोन धाराशिवची. दोन घरांना कुलूप आहे, मुलं पिंपरीला असतात म्हणे. दिवाळीला येतील तेव्हा विचारीन.